मुलांच्या वाढदिवसाचा व्यवसाय: फुगे सोपे, अडीच तास अवघड

आजचा विषय बऱ्याच दिवसांपासून बाकी होता. इंदूर, बेळगाव, हैदराबाद, बंगळुरू, अगदी रायपूरहूनसुद्धा एकच प्रश्न येतो: "ताई, मला सजावटीची आवड आहे, मुलाच्या वाढदिवसाला घरीच सगळं केलं, सगळे म्हणाले फार छान झालं, आता याचाच व्यवसाय करू का?"

करा. पण आधी माझा पहिला हिशेब ऐका. तो मी वहीत जपून ठेवलाय.

मी वडोदऱ्यात राहते. २०१८ मध्ये ओळखीतल्या एका कुटुंबाच्या मुलीचा पाचवा वाढदिवस मी पैसे घेऊन केला. ती माझी पहिली ऑर्डर. ३० मुलं, सोसायटीचं क्लब हाऊस. हॉल आणि जेवण त्यांचं, बाकी सगळं माझं. मी २२,००० रुपये सांगितले आणि ते लगेच हो म्हणाले. (लगेच हो म्हणाले की समजायचं, आपण कमी सांगितलंय. तेव्हा हे कळत नव्हतं.)

खर्च असा झाला. मागचा पडदा आणि त्याची चौकट भाड्याने ३,५००. फुगे, रिबीन, चिकटपट्टी २,६००. जादूगार ४,०००. हातावर टॅटू काढणारी मुलगी १,५००. केक २,४००. रिटर्न गिफ्ट प्रत्येकी १२० प्रमाणे ३,६००. टेम्पो १,२००. दोन मदतनीस मुलं, ६०० प्रमाणे १,२००. एकूण बरोबर २०,०००. म्हणजे माझे दोन हजार सुटणार होते.

प्रत्यक्षात ३० ऐवजी ४१ मुलं आली. भावंडं, शेजारची, वॉचमनकाकांची दोन. कुणालाही रिकाम्या हाताने पाठवता येत नाही. माझ्या नवऱ्याने स्कूटरवर जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून ११ वस्तू आणल्या, प्रत्येकी १५० ने. झाले १,६५०. टेम्पोवाल्याला थांबावं लागलं, त्याचे २०० वर. मला उरले १५० रुपये. बाजारातल्या फेऱ्या, आदल्या रात्रीचे फुगे, कार्यक्रम आणि नंतरची आवराआवर मिळून माझे ३१ तास गेले होते. तासाला पाच रुपयेसुद्धा पडले नाहीत.

फोटो मात्र सुंदर आले होते. त्या फोटोंवरून पुढच्या दोन ऑर्डर मिळाल्या आणि त्याही मी तशाच दरात केल्या. आवडीचा व्यवसाय असा तोट्यात जातो. कुणी फसवत नाही, आपणच आपले तास फुकट धरतो.

तर आता तोच हिशेब नीट मांडू. बाहेरचा खर्च २०,०००. माझे ३१ तास, तासाला निदान १५० धरले तर ४,६५०. अचानक येणाऱ्या खर्चासाठी १० टक्के, म्हणजे २,०००. झाले २६,६५०. त्यावर व्यवसायाचा नफा १५ टक्के, साधारण ४,०००. म्हणजे ते काम ३०,५०० च्या आसपासचं होतं. मजुरी आणि नफा वेगळे का? मजुरी हाताची असते. नफ्यातून पुढच्या वर्षी स्वतःची चौकट, दिवे, पंप, स्पीकर घ्यायचा असतो. तो धरला नाही तर पाच वर्षांनीही सगळं भाड्यानेच आणावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढे कोण देईल? समोरच्या ताई मोबाईल पुढे करतात. "बेन, ऑनलाइन तर २,५०० मध्ये घरी येऊन फुगे लावून जातात." खरंच जातात. मी त्यांना सरळ सांगते, फक्त फुगेच हवे असतील तर त्यांच्याकडूनच घ्या. कारण सजावटीच्या दरात त्यांच्याशी स्पर्धा करून तुम्ही-मी टिकणार नाही. त्यांची माणसं दिवसाला चार घरं करतात, माल मोठ्या प्रमाणात उचलतात. पण ती माणसं चार वाजता फुगे लावून निघून जातात. साडेपाचला पाहुणे येतात, तीस मुलं एका खोलीत असतात, आणि आई त्या वेळी साडी सांभाळत पाणी वाटत असते. आपल्याकडे विकायला जे आहे ते हे साडेपाच ते आठ. ते अडीच तास आईबाबांनी स्वतःच्या लेकराबरोबर काढावेत आणि बाकीचं तुम्ही बघावं, याचे पैसे लोक देतात. जे देत नाहीत ते आपले ग्राहक नाहीत.

हे अडीच तास शिकावे लागतात. मला सर्वात जास्त वेळ त्यातच लागला.

पहिला वाढदिवस हा मुलाचा कार्यक्रमच नसतो, तो मोठ्यांचा असतो. बाळ झोपेच्या वेळेला चिडचिडं होतं. म्हणून आधी विचारा, बाळ दुपारी किती वाजता झोपतं? त्यावर केकची वेळ ठरवा. गोंगाट, अंधार करून एकदम दिवे लावणं, कानाजवळ फुगा फोडणं, हे सगळं एका वर्षाच्या बाळाला घाबरवतं. बाळ एकदा रडायला लागलं की फोटो संपले.

तीन ते पाच वर्षांची मुलं एका खेळात दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त रमत नाहीत. त्यांना बाद करणारे खेळ देऊ नका. संगीत खुर्ची आपल्याला फार आवडते, पण चार वर्षांचं मूल बाद झालं की ते भोकाड पसरून आईकडे जातं, आणि खेळात शेवटी तीनच मुलं उरतात. बाकी सत्तावीस काय करतात? फुगे ओढतात. सहा ते नऊ हे सोन्यासारखं वय. जादू, शोधाशोधीचे खेळ, गट पाडून शर्यत, सगळं चालतं. दहाच्या पुढच्या मुलांना कार्टूनचा पडदा लावलात तर ती तुमच्याकडे बघणारसुद्धा नाहीत. त्यांना प्रश्नमंजूषा, स्वतःचा पिझ्झा स्वतः बनवणं असलं काही द्या आणि मोठ्यांना जरा लांब बसवा.

वेळेचं गणित आपल्या देशातलं आहे. साडेपाचचं आमंत्रण असलं तर निम्मी मुलं सव्वासहाला येतात. लवकर आलेल्यांसाठी टॅटू किंवा रंगवायची चित्रं ठेवा, म्हणजे कुणी मध्येच आलं तरी बिघडत नाही. जादूगार साडेसहाला. केक सातला, त्याआधी नाही. केक कापला की मुलांच्या दृष्टीने कार्यक्रम संपतो, पुढे कुणी खेळायला थांबत नाही. जादूगाराला केकनंतर ठेवण्याची चूक मी दोनदा केली. दोन्ही वेळा तो रिकाम्या खुर्च्यांपुढे रुमालातून फुलं काढत होता.

मदतनीस किती? साधारण आठ-दहा मुलांमागे एक. त्याशिवाय एक माणूस फक्त दारावर, त्याला दुसरं काहीच काम द्यायचं नाही. कोणतं मूल कुणाबरोबर बाहेर गेलं हे त्याने बघायचं. क्लब हाऊसला लागून पोहण्याचा तलाव असेल तर त्या बाजूचं दार कुलूपबंद आहे हे मी स्वतः हात लावून बघते. हॉलवाला "बंदच असतं बेन" म्हणाला तरी.

सुरक्षेबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण माझ्या हातून एक मोठा प्रसंग थोडक्यात टळलाय. तिसरा की चौथा कार्यक्रम असेल. केकवर उंच ठिणग्या उडवणारी मेणबत्ती पेटली होती आणि मुलाच्या काकांनी हौसेने फेसाचा स्प्रे मारला. क्षणात भडका उडाला. वाढदिवसाच्या मुलाच्या पुढच्या केसांना झळ लागली. वडिलांनी त्याला झटकन मागे ओढलं म्हणून तेवढ्यावर भागलं. केस जळल्याचा तो वास मला अजून आठवतो. या डब्यांमध्ये फेस बाहेर ढकलायला सहसा पेट घेणारा वायू भरलेला असतो. डब्यावर बारीक अक्षरात ज्वलनशील असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. तेव्हापासून माझ्या कार्यक्रमात फेसाचा स्प्रे नाही. केकजवळ जाण्याआधी मी काका-मामांचे खिसे बघते, हसत हसत.

दुसरं, गॅसचे फुगे. रस्त्यावर मिळणाऱ्या तरंगत्या फुग्यात अनेकदा हायड्रोजन असतो. तो स्वस्त पडतो, पण मेणबत्ती किंवा गरम दिव्याजवळ स्फोट होतो. हेलियम पेटत नाही, पण महाग, कारण तो आपल्याकडे बाहेरच्या देशांतून येतो. कुणी फारच स्वस्तात तरंगते फुगे देत असेल तर आत काय आहे हे ओळखा. आणि हेलियम आहे म्हणून तोंडाने ओढून आवाज बदलायचा खेळ मुलांना करू देऊ नका, त्या वेळी फुप्फुसात प्राणवायू जात नसतो. मी तर साधे हवेचे फुगे रिबिनीला बांधून छताला उलटे चिकटवते. फोटोत फरक कळत नाही.

तिसरं, फुटलेल्या फुग्याचे तुकडे. लहान मूल ते तोंडात घालतं, आणि रबर घशाला असं चिकटतं की काढणं कठीण. फुगा फुटला की तुकडा उचलायचा, हे मदतनिसाचं कामच. मोठ्या फुग्यात थर्माकोलचे दाणे भरून फोडायची पद्धत मी बंद केली. ते दाणे नाकात जातात, आणि आवरायला तास जातो.

थर्माकोलवरून आठवलं. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, आणि त्या यादीत आपलं अर्धं दुकान आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, स्ट्रॉ, प्लास्टिकचे झेंडे, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर. बाजारात अजूनही दिसतात, म्हणून चालतात असं समजू नका. कागदी काड्या, पुठ्ठ्यावर कापलेली नावं, कापडी पडदे घ्या. कापडी पडदा धुऊन वीस वेळा वापरता येतो, हा माझा अनुभव. बॅनरवर मुलाचं नाव असतं, तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात.

माल कुठून घ्यायचा? दिल्लीत सदर बाजार, मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, पुण्यात बोहरी आळी, हैदराबादला बेगम बाजार. पहिल्या खेपेला दहा हजारांचं सामान भरू नका. रबरी फुगे जुने होतात, विशेषतः उन्हाळ्यात. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. गच्चीत दुपारी लावलेली कमान संध्याकाळपर्यंत अर्धी फुटते, आणि गडद रंगाचे फुगे आधी जातात. उन्हात काम असेल तर फुगे पूर्ण ताणून फुगवू नका.

आता कागदपत्रं. यात घाबरण्यासारखं काही नाही. उद्यम नोंदणी आधारवर होते, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. तिचे पैसे मागणारा मधला माणूस असतो. दुकान किंवा आस्थापना नोंदणी प्रत्येक राज्यात वेगळी, ती तुमच्या पालिकेत विचारा. केक किंवा खाऊ स्वतः बनवून विकत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी हवीच. बाहेरून आणत असाल तर बनवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. आणि मुलांची अ‍ॅलर्जी विचारा. शेंगदाणे, काजू, दूध, अंडं. गुजरातेत तर अंड्याशिवायचा केक आणि जैन थाळी किती, हे आकड्यासकट लागतं.

जीएसटीबद्दल एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरात ही मर्यादा १० लाख आहे. उलाढाल म्हणजे नफा नव्हे. तुम्ही हॉल, जेवण, फोटोग्राफर सगळं आपल्या बिलात घेऊन साठ हजारांचे महिन्याला तीन कार्यक्रम केलेत, तर वर्षाचे २१ लाख ६० हजार होतात, मग हातात त्यातले चार लाख का राहिले असेनात. त्यापुढे आपल्या कामावर १८ टक्के कर लावावा लागतो, आणि घरगुती ग्राहकाला त्याची वजावट मिळत नाही. म्हणून सुरुवातीला हॉल आणि जेवणाचे पैसे ग्राहकाने त्यांना थेट द्यावेत. आपण फक्त आपल्या कामाचं बिल द्यावं. यात लपवाछपवी काही नाही, जेवण आपण विकतच नाही.

गाणी आणि कार्टून, दोन्ही थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नसमारंभातल्या संगीताला सवलत आहे, पण तिच्यात वाढदिवसाचं नाव नाही. घरी गाणी लावलीत तर प्रश्न नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये करत असाल तर संगीताच्या परवान्याचं कोण बघणार, हे आधी विचारा. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही. कार्टूनचं म्हणाल तर, छोटा भीम कुणाच्या तरी मालकीचा आहे. त्याचं चित्र आपल्या जाहिरातीवर छापू नका. जंगल, अवकाश, समुद्र, आगगाडी हे विषय सगळ्यांचे आहेत. आणि हो, पाहुण्या मुलांचे फोटो आपल्या पानावर टाकण्याआधी त्यांच्या आईबापांना विचारा. नाहीतर मागून काढलेले किंवा नुसते सजावटीचे टाका.

लेखी काय घ्यायचं? एक पान पुरे. मुलांची संख्या तीन दिवस आधी पक्की, त्यापुढे प्रत्येक मुलामागे किती जास्त, हा दर आधीच लिहिलेला. निम्मी रक्कम तारीख ठरवताना, उरलेली कार्यक्रमाच्या दिवशी सजावट संपल्यावर, केक कापायच्या आधी. रात्री नऊला पैसे मागणं फार अवघड जातं. आजोबा दमलेले असतात, कुणीतरी म्हणतं उद्या बघू. एका घरातले माझे आठ हजार असेच राहिले ते राहिलेच.

आणि एक कलम या धंद्यात लागतंच: ताप. लहान मूल कधी आजारी पडेल सांगता येत नाही. अशा वेळी पैसे बुडाले म्हणून भांडणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही. मी एकदा तारीख बदलून देते, जास्तीचे पैसे न घेता. मात्र केक आणि फुलं आली असतील तर तो खर्च त्यांचा. हे सही घेतानाच वाचून दाखवते. बहुतेकांना ते ऐकूनच बरं वाटतं.

आता महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांसाठी एक कामाची गोष्ट. तुमच्याकडे असं एक काम आहे जे स्थानिक कंपन्यांना माहीतच नाही. बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा हंगाम, पाच वर्षांच्या आतली मुलं, काळं झबलं, हलव्याचे दागिने. बंगळुरूतल्या मराठी आईला बोरं मिळतात, पण हलव्याचा मुकुट आणि बासरी कुठून आणणार? आणि सासूबाई फोनवरून सांगतायत ते सगळं बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मांडणार कोण? माझ्या जानेवारीतली निम्मी कामं बोरन्हाणाची असतात. दागिने मी डिसेंबरच्या सुरुवातीलाच मागवते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. दमट हवेत हलवा पाघळतो, मुंग्या लागतात. वडोदऱ्यात १४ आणि १५ जानेवारीला अख्खं गाव पतंग घेऊन गच्चीवर असतं, त्या दिवसांत कुणी खाली उतरत नाही, म्हणून आमची बोरन्हाणं पुढच्या शनिवार-रविवारी. बोरं मी थोडीच घालते, बिया घशात अडकू शकतात. चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे जास्त. डोक्यावरून लहान वाटीने ओतायचं, खाली स्वच्छ चादर. मुलं वेचायला झेपावतात तेव्हा डोक्यावर डोकी आपटतात, म्हणून मोठी मुलं एका बाजूला आणि रांगती दुसऱ्या. ओळख कुठून काढायची? गावातल्या महाराष्ट्र मंडळात जा. तिथे हळदीकुंकवाच्या दिवशी एक टेबल मांडायला मिळालं तर हंगाम निघतो.

नोकरी सोडू का, हा शेवटचा प्रश्न. एवढ्यात नको. वाढदिवस शनिवार-रविवारीच होतात, त्यामुळे पहिलं वर्ष नोकरी सांभाळून करता येतं. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या दिवसांत काम पडतं, ते महिने वहीत वेगळे लिहा. प्रत्येक कार्यक्रमाचे तास लिहा, रुपयांच्या शेजारी. बारा कार्यक्रमांनंतर दर तासाला तुम्हाला काय सुटलं ते काढा आणि ते पगाराच्या तासाशी ताडून बघा. माझ्या बाबतीत ते जुळायला दोन वर्षं आणि सदतीस वाढदिवस लागले.

पुढच्या भागात कोटेशनचं ते एक पान मी ओळीओळीने दाखवणार आहे. वही जवळ ठेवा.